बंद पडलेल्या नहरीवर चतुर आणि टाचण्या कशा बघायच्या

नागपुरात चतुर आणि त्यांच्यासारख्याच पण बारीक अंगाच्या टाचण्या बघायच्या म्हटलं की अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा ही नावं आधी निघतात. तलाव चांगलेच आहेत, पण नव्या माणसाला तलाव फार मोठा पडतो. चतुर पाण्याच्या मधोमध घिरट्या घालत राहतात आणि आपण काठावरून डोळे ताणत बसतो. सुरुवात करायला बंद पडलेली नहर जास्त सोयीची. पात्र अरुंद, पाणी उथळ, दोन्ही काठांना गवत, आणि पलीकडच्या काठावर बसलेला चतुरही साध्या डोळ्यांनी दिसेल इतका जवळ.

या लेखात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. नहरीचा शंभर-दीडशे पावलांचा एकच तुकडा निवडा आणि तिथे कोण कुठे बसतं ते बघत राहा. नवी माणसं रंगामागे धावतात आणि रंगच त्यांना फसवतो, कारण एकाच जातीचा नर, मादी आणि नुकताच उडू लागलेला कोवळा चतुर यांचे रंग तीन तऱ्हांचे असू शकतात. बसण्याची जागा मात्र सहसा फसवत नाही.

नहर शोधताना

पेंच प्रकल्पाचं पाणी नवेगाव खैरीच्या धरणातून डाव्या-उजव्या कालव्यांनी बाहेर पडतं. पारशिवनी, रामटेक, मौदा, कामठी या पट्ट्यात त्याच्या वितरिका आणि पाटचाऱ्यांचं जाळं आहे. मुख्य कालवे चालू आहेत, तिकडे जायचं नाही. आपल्याला हवी ती टोकाकडची, सुटून गेलेली शाखा. शेतांचे ले-आउट झाले, म्हणजे घरांचे प्लॉट पडले, की तिथवर जाणाऱ्या चारीला वाली राहत नाही. कुठे अस्तराचं काँक्रीट फुटतं, कुठे मोरी गाळाने बुजते, आणि पाणी पुढे सरकायचं थांबतं. मग पावसाचं आणि बाजूच्या धानाच्या बांध्यांतून झिरपलेलं पाणी खोलगट जागी साचून राहतं. चतुरांना हेच हवं असतं.

मोबाइलच्या नकाशात उपग्रहाचं दृश्य लावा. शेतांमधून एकसारख्या वळणाने जाणारी हिरवी रेघ दिसली तर ती बहुधा अशी नहर असते. पण नकाशावर भरवसा ठेवून थेट पात्रात उतरू नका. आधी शेजारच्या शेतात काम करणाऱ्या माणसाला विचारा, ‘भाऊ, या नहरीला पाणी सुटते का?’ हा प्रश्न टाळू नका. चालू नहरीत पाळीचं पाणी सुटलं की पातळी बघता बघता वाढते, आणि शेवाळलेल्या काँक्रीटच्या उतारावर हाताला काहीच धरायला मिळत नाही. पात्रात मनगटाएवढ्या खोडाचं बेशरम माजलेलं असेल, पाणकणसाची दाटी असेल, गेटचा स्क्रू गंजून जाम झाला असेल, तर पाणी सुटून बरीच वर्षं झाली असं समजायला हरकत नाही. तरीही विचाराच. शेतातून वाट असेल तर परवानगीही त्याच वेळी मागून घ्या.

जागा निवडताना तीन गोष्टी एकाच तुकड्यात मिळतात का बघा: मोरीजवळ किंवा पुलाखाली टिकून राहणारा डोह, पाणवनस्पतींनी भरलेला भाग, आणि काँक्रीट अजून उघडं असलेला थोडा काठ. पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत पाणी टिकत असेल तर जागा उत्तम.

सापांबद्दल आणि गवताबद्दल

पाण्यात दिसणारा साप बहुतेक वेळा बिनविषारी दिवड असतो, पण काठच्या गवतात घोणस असू शकते. पाय दिसेल तिथेच पाऊल टाका, दगडांच्या फटीत हात घालू नका, एकटे जाऊ नका.

सापापेक्षा जास्त दुर्लक्ष होतं ते गवतातल्या बारीक किड्यांकडे. 2018 साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवता-झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइट्सच्या पिल्लांच्या चाव्यातून हा आजार होतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, पॅन्ट मोज्यात खोचलेली, बसायला घडीचं स्टूल किंवा जाड प्लास्टिकची पट्टी. गवतावर थेट बसायचं नाही. घरी आल्यावर कपडे लगेच धुवायला टाका आणि साबणाने अंघोळ करा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, किंवा अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना नहरीवर गेलो होतो हे आपणहून सांगा. ही माहिती त्यांना निदानासाठी उपयोगी पडते.

कधी जायचं

पहिला पाऊस पडल्यापासून हालचाल सुरू होते, पण नव्या माणसाने ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ धरावा. दिवसातली चांगली वेळ सकाळी आठ ते अकरा. त्याआधी चतुर दवाने जड झालेले, गवताला लटकून बसलेले असतात. फोटो काढायचे असतील तर ती वेळही चांगली, मात्र उडण्या-भांडण्याचा खेळ तेव्हा दिसणार नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात बारा वाजले की एक गंमत बघायला थांबा. काडीच्या टोकावर बसलेले लाल चतुर शेपटी हळूहळू उचलतात आणि सूर्याच्या दिशेने सरळ उभी धरतात. अंगाचा कमीत कमी भाग उन्हात यावा यासाठी हा सगळा खटाटोप. एप्रिल-मे मध्ये बहुतेक नहरी आटतात, तेव्हा विश्रांती घ्या.

सोबत काय

टोपी किंवा दुपट्टा, पाणी, वही, पेन्सिल, झूम असलेला मोबाइल. दुर्बीण घ्यायचीच असेल तर 8 पट मोठं दाखवणारी आणि दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी घ्या. पक्षी बघायच्या बऱ्याच दुर्बिणी इतक्या जवळचं धूसर दाखवतात, म्हणून दुकानातच जमिनीवरच्या एखाद्या वस्तूवर नेम धरून बघा. जाळी नको. कोवळ्या चतुराचा पंख एकदा दुमडला की तो परत सरळ होत नाही. लहानपणी शेपटीला दोरा बांधून चतुर उडवणारे आपल्यापैकी पुष्कळ जण असतील. आता मुलांना सोबत नेत असाल तर तो खेळ त्यांना शिकवू नका, आणि चतुर डंख मारत नाही एवढं नक्की सांगा.

चतुर की टाचणी

हे पाच मिनिटांत जमतं. चतुर धिप्पाड, बसताना पंख पसरलेले, मागचे पंख पुढच्यांपेक्षा बुंध्याशी रुंद, आणि डोळे इतके मोठे की बहुतेकांचे डोक्यावर एकमेकांना टेकतात. टाचणी बारीक, चारही पंख जवळपास सारखे, बसताना बहुधा पाठीवर मिटलेले, आणि डोळे डोक्याच्या दोन टोकांना दूर-दूर. अपवाद आहेत. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात आणि काही चतुरांचे डोळे एकमेकांपासून लांब असतात. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका, दोन खुणा जुळू द्या.

आता जागेवर: कोण कुठे बसतं

जातींची मराठी नावं अजून सगळ्यांच्या तोंडी बसलेली नाहीत, म्हणून निरीक्षक जी इंग्रजी नावं बोलताना वापरतात तीच इथे घेतो.

नहरीच्या काठाने जाणाऱ्या कच्च्या रस्त्यापासून सुरुवात करा. तुमच्या पुढे पुढे उडत, दर चार पावलांवर परत मातीवरच बसणारा छोटा चतुर दिसला तर तो ग्राउंड स्किमर. कोवळा नर आणि मादी पिवळट हिरवे, अंगावर काळ्या खुणा. नर वयात आला की अंगावर निळसर राखाडी पूड चढते. या दोघांना दोन वेगळ्या जाती समजून वहीत लिहिणं फार सोपं असतं. दोघेही जमिनीवर बसतात हे लक्षात आलं की कोडं सुटतं.

मग उघड्या काँक्रीटकडे वळा. इथे घाई करू नका. अस्तराचा एक हातभर तुकडा निवडा आणि तो वरून खाली डोळ्यांनी चाळा. बराच वेळ काहीच दिसणार नाही. मग काँक्रीटवरचा एखादा डाग जरा जास्तच रेखीव वाटेल. नीट बघितलं तर राखाडी-काळ्या ठिपक्यांचं अंग, आणि चारही पंख भिंतीला चिकटवून सपाट बसलेला चतुर. हा ग्रॅनाइट घोस्ट. मूळचा खडकांवरचा, आता कुंपणाच्या भिंती आणि सिमेंटची टाकीही त्याला चालते. खात्री करायची असेल तर पंखांच्या टोकाजवळचा छोटा ठिपका बघा: मधे काळा, दोन्ही बाजूंना पांढरा. नव्या माणसाला हा चतुर स्वतःच्या डोळ्यांनी सापडला की बाकीचे आपोआप दिसायला लागतात. त्यासाठी अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

पाण्यावर झुकलेल्या सुक्या काड्या आणि बेशरमच्या फांद्या ही सगळ्यांत गजबजलेली जागा. पंखांवर नारिंगी झाक असलेले लहान नारिंगी चतुर ओळीने बसलेले असतील तर ते डिच ज्वेलचे नर. मादी फिकट पिवळी-तपकिरी, पंख जवळजवळ नितळ. सगळ्यांत उंच, निष्पर्ण काडीच्या अगदी टोकावर काळा-पिवळा, दांडगा चतुर ठाण मांडून बसला असेल आणि त्याचे डोळे एकमेकांना टेकत नसतील, तर तो कॉमन क्लबटेल. शेपटीच्या टोकाजवळ त्याला दोन्ही बाजूंनी पानासारखी पाळी असते. तो उडाला तरी जागेवरून हलू नका. बहुतेक वेळा तो त्याच काडीवर परत येतो. फोटोची चौकट लावून थांबलात तर हमखास मिळतो.

हिरवट-पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, कंबर बारीक आणि पोटाचा (आपण ज्याला शेपटी म्हणतो ते खरं तर पोटच) बुंधा फुगीर, असा ग्रीन मार्श हॉक कुठेही बसलेला दिसेल. त्याच्या तोंडात काय आहे ते बघा. तो इतर चतुर आणि टाचण्याही खातो. नहरीवर काही सकाळी बाकीचे अचानक बिचकतात, त्याचं कारण अनेकदा हाच असतो.

लाल चतुरांमध्ये सगळेच गोंधळतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे नहरीवर हमखास दिसणारे दोन. रडी मार्श स्किमर रक्तासारखा लाल, पाय लालसर, आणि पोटाच्या पाठीवर मधोमध एक बारीक काळी रेघ. क्रिमझन मार्श ग्लायडर गुलाबी-जांभळ्या झाकेचा लाल, पंखांच्या शिरा लाल, मागच्या पंखाच्या बुंध्याशी मधासारखा मोठा डाग, आणि पाय काळे. लांबून बघताना आधी पाय बघा. मोबाइलच्या फोटोतही पायांचा रंग सहसा कळतो, शिरा आणि रेघ नंतर तपासता येतात. माद्या मात्र दोघांच्याही पिवळट असतात. सुरुवातीला माद्यांपुढे प्रश्नचिन्ह लिहून पुढे जा, त्यात काही कमीपणा नाही.

टाचण्यांसाठी नजर खाली आणा. पाण्याला टेकलेल्या गवतात पिवळ्याधमक पोटाची, हिरवट छातीची कोरोमंडल मार्श डार्ट असते. काळ्या-हिरव्या अंगाची आणि शेपटीच्या टोकाला निळा ठिपका असलेली सेनेगल गोल्डन डार्टलेट. आणि गुडघ्याएवढ्या गवताच्या मुळाशी, दोन सेंटीमीटरच्या आसपास लांबीची पिग्मी डार्टलेट. हिच्यासाठी उकिडवं बसावं लागतं. नराच्या शेपटीचं टोक विटेच्या रंगाचं असतं. उभ्या माणसाला ती जवळजवळ कधीच दिसत नाही.

आणि जे बसतच नाहीत ते? पावसाळ्यात आणि त्यानंतर शेतांवर, मैदानांवर थव्याने तरंगणारे पिवळट चतुर म्हणजे वाँडरिंग ग्लायडर. हा जगातला सर्वांत मोठा प्रवास करणाऱ्या कीटकांपैकी एक. 2009 मध्ये चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमधल्या नोंदींवरून मांडलं, की हे चतुर भारताकडून हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातात. तात्पुरत्या डबक्यात अंडी घालायची आणि दोनेक महिन्यांत पुढची पिढी उडायला तयार, असं त्याचं आयुष्य आहे. पाण्याच्या चकाकीवरून तो जागा निवडतो, म्हणून उभ्या कारच्या टपावरही अंडी घालायचा प्रयत्न करताना दिसतो.

वागणं बघायला शिका

नाव कळलं की बरेच जण पुढे सरकतात. कृपा करून थांबा, खरी मजा इथून पुढे आहे.

नराने मादीची मान शेपटीच्या टोकाने पकडली आहे आणि मादीने पोट पुढे वळवून बदामाचा आकार केला आहे, हे मीलन. त्यानंतर नर काय करतो ते बघा. ग्रीन मार्श हॉकच्या जातकुळीतला नर मादीला सोडतो, पण ती पोटाचं टोक पाण्यावर आपटत अंडी घालत असताना तिच्या वरच फिरत राहतो आणि दुसरा नर आला की त्याला हाकलतो. कोरोमंडल मार्श डार्टचा नर मादीला सोडतच नाही. मादी तरंगत्या पानावर बसून पानात अंडी खोचते आणि नर तिच्या मानेवर शेपटीच्या आधाराने काठीसारखा ताठ उभा राहतो. एकाच पानाभोवती अशा चार-पाच जोड्या जमलेल्या दिसल्या तर दुर्बीण हलवू नका.

ही राखण कशासाठी, याचं उत्तर जोनाथन वाग यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या एका टाचणीवर काम करून दिलं. तिथला नर मीलनाच्या वेळी आधीच्या नराचं वीर्य मादीच्या शरीरातून खरवडून काढतो. म्हणजे शेवटी भेटलेल्या नराचा वाटा सर्वांत मोठा, आणि म्हणून अंडी घालून होईपर्यंत पहारा. हे माहीत असलं की नहरीवरची प्रत्येक झटापट वेगळी दिसायला लागते.

पाण्याखालचं आयुष्य

सकाळी लवकर पोचलात तर पाणकणसाच्या देठांवर आणि काँक्रीटवर पाण्याच्या वर वीतभर चिकटलेल्या तपकिरी, पोकळ काती शोधा. पाण्यात वाढलेलं पिल्लू वर चढून कात टाकतं आणि त्यातून पंखांचा चतुर बाहेर पडतो, मागे राहते ती ही कात. पाठीवर उभी चीर, आणि चिरेतून बाहेर लोंबणारे पांढरे दोरे. ते दोरे म्हणजे पिल्लाच्या श्वासनलिकांचं अस्तर. डोक्याच्या खालच्या बाजूला घडी घातलेला ओठ दिसेल. पाण्यात असताना पिल्लू हा ओठ झटकन पुढे फेकून डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, छोटे मासे पकडतं. चतुराची कात आखूड-जाड असते, टाचणीची बारीक, आणि तिच्या टोकाला तीन पानांसारखे कल्ले. रिकामी कात काडेपेटीत ठेवून घरी आणायला हरकत नाही. कात एखाद्या जागी मिळाली तर त्या जातीची वाढ तिथेच पूर्ण झाली, हा पक्का पुरावा असतो. नुसता उडता चतुर कुठूनही आलेला असू शकतो.

कातीशेजारी चकचकीत पंखांचा, फिक्या रंगाचा चतुर लोंबत असेल तर त्याला हात लावू नका आणि त्याच्यावर सावली पाडू नका.

डासांचा विषय निघतोच. नहरीतली पिल्लं डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण डेंग्यूचा डास आपल्या कूलरच्या टाकीत आणि कुंड्यांखालच्या बशीत वाढतो. चतुर आहेत म्हणून कूलर न धुण्याची सबब सांगू नका.

नोंद

वहीत प्रत्येक भेटीला तारीख, वेळ, ऊन-ढग, पाण्याची पातळी लिहा. मग प्रत्येक जातीपुढे बसण्याची जागा आणि काय करत होता ते. फोटो शक्यतो तीन कोनांतून: वरून, बाजूने, आणि शेपटीच्या टोकाचा जवळून. बऱ्याच टाचण्यांच्या बाबतीत तिसऱ्या फोटोवाचून तज्ज्ञांनाही ठाम सांगणं कठीण जातं. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले की ओळखायला मदत मिळते आणि नोंद सगळ्यांच्या कामी येते. नागपुरात या विषयाचा अभ्यास जुना आहे. हिस्लॉप महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी कोरोमंडल मार्श डार्टच्या अंडी घालण्याच्या सवयींवर केलेलं काम अभ्यासकांना माहीत आहे, आणि ही टाचणी तुमच्या नहरीवरही आहे.

दोन-तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की वहीतून पाण्याची तब्येत वाचता येते. डिच ज्वेल घाण पाणी सहन करतो. तुमच्या तुकड्यात तोच भरपूर, सोबत एखाद-दुसरा मार्श हॉक, आणि टाचण्या जवळजवळ नाहीत असं चित्र असेल, तर वरच्या अंगाला सांडपाणी सोडलंय का ते चालत जाऊन बघा. तीन-चार जातींच्या टाचण्या टिकून असतील तर काठचं गवत आणि पाणवनस्पती अजून शाबूत आहेत.

अशा नहरींमध्ये बांधकामाचा मलबा टाकणं आता नेहमीचं झालं आहे, आणि कामात नसलेली जागा म्हणून कुणी फार विचारत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. मलब्याचा पहिला ढीग दिसला की त्याच दिवशी फोटो काढा आणि ग्रामपंचायतीला व जलसंपदा विभागाच्या जवळच्या उपविभागीय कार्यालयाला लेखी अर्ज द्या. अर्जाला वहीतली यादी जोडा: जाती, तारखा, जागा, कुठे काती मिळाल्या. पोच घ्यायला विसरू नका.